प्रत्येक इव्हेंटला वेगळा टास्क द्यायचा का?

प्रश्न आधी नीट मांडतो, म्हणजे मागचं न वाचलेल्यालाही संदर्भ लागेल. फिल्ममध्ये माल गुंडाळून पाकिटं कापणारं पॅकिंग मशीन आहे. कंट्रोलर एसटीएम३२, कॉर्टेक्स-एम४चा एकच कोअर, ६४ केबी रॅम, वर फ्रीआरटॉस, म्हणजे अनेक टास्क (स्वतंत्र चालणारी कामं) प्रायॉरिटीनुसार चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. एकूण २२ इव्हेंट येतात: फिल्मवरची छापील खूण दिसली की फोटोसेन्सरचा, फिल्म किती सरकली ते मोजणाऱ्या एन्कोडरचा, कीपॅडचा, मॉडबसवरच्या (यंत्रं एकमेकांशी बोलतात त्या जोडणीवरच्या) संदेशाचा, हीटरचं तापमान मर्यादेबाहेर गेल्याचा, वगैरे. प्रत्येक इंटरप्ट (इव्हेंट आला की प्रोसेसरला मध्येच थांबवणारा हार्डवेअरचा इशारा) आपलं काम फ्रीआरटॉसच्या टायमर सर्व्हिस टास्ककडे सोपवतो, म्हणजे सॉफ्टवेअर टायमर चालवणाऱ्या तयार टास्ककडे, आणि सगळे हँडलर, म्हणजे इव्हेंटचं काम करणारी फंक्शनं, तिथेच चालतात. मशीन बहुतेक वेळ व्यवस्थित कापतं, पण मधूनच एखादा कट चार-पाच मिलिमीटर सरकतो. सीनियर म्हणतात, प्रत्येक इव्हेंटला स्वतंत्र टास्क करा. प्रश्नकर्त्याला रॅमची काळजी आहे. शिवाय त्यांनी वाचलंय की रिअल-टाइम जावात हँडलर कुठल्या थ्रेडवर (म्हणजे टास्कवर) चालवायचा हे व्हर्च्युअल मशीनच, म्हणजे जावाचा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअरच, बघतं, तर तीच पद्धत बरोबर का, असंही विचारलंय.

टास्क २२ करायचे की एक, हा प्रश्न खरं तर दुसऱ्या नंबरचा आहे. त्याआधी प्रत्येक इव्हेंटबद्दल काही गोष्टी ठरवाव्या लागतात. हँडलर चालताना मध्ये कुठे थांबतो का? इव्हेंटबरोबर काही माहिती यायला हवी का, आणि ती कोणत्या क्षणाची? अपेक्षेपेक्षा लवकर, एकावर एक आले तर काय करायचं? त्याची प्रायॉरिटी काय? तुमच्या प्रोग्राममध्ये हे निर्णय झालेले आहेतच, फक्त ते तुम्ही घेतलेले नाहीत. टायमर सर्व्हिस टास्कच्या रचनेने ते परस्पर घेऊन टाकले आहेत, आणि २२ वेगळ्या स्वभावाच्या इव्हेंटना एकच नियम लागू केला आहे.

तो नियम काय आहे ते बघू. टायमर सर्व्हिस टास्कची एकच रांग असते आणि आलेली कामं आली त्या क्रमाने होतात. कटचं काम असो की कीपॅडचं, त्या रांगेत दोघांची पत सारखी. कीपॅडवर ऑपरेटरने पाकिटाची लांबी बदलली की तुमचा हँडलर नवीन सेटिंग ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरीत) लिहितो, असं तुम्ही लिहिलंय. आयटूसी या दोन तारांच्या बसवर जोडलेल्या ईईप्रॉमच्या एका पेजच्या लेखनाला डेटाशीटमध्ये साधारण ५ मिलिसेकंदांपर्यंत वेळ दिलेला असतो. सेटिंग दोन पेजवर पसरलं असेल तर १० मिलिसेकंद तिथेच गेले, बसवर बाइट पाठवण्याचा वेळ वेगळा. फिल्मचा वेग तुम्ही ३० मीटर प्रति मिनिट दिला आहे, म्हणजे सेकंदाला ५०० मिलिमीटर, मिलिसेकंदाला अर्धा मिलिमीटर. १० मिलिसेकंदांत फिल्म ५ मिलिमीटर पुढे सरकते. तुमचा कट जेवढा सरकतो, तेवढीच. लॉगमध्ये चुकलेल्या कटच्या वेळा आणि सेटिंग बदलल्याच्या वेळा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. त्या जुळतील असा माझा अंदाज आहे. मॉडबसवरून सेटिंग बदलता येत असेल तर त्याही वेळा धरा.

फ्रीआरटॉसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की टायमर कॉलबॅकमध्ये थांबणारं काहीही करू नये. त्याचं कारण हेच आहे. त्या टास्कमध्ये एक जण थांबला की बाकीचे हँडलर आणि सगळे सॉफ्टवेअर टायमर त्याच्या मागे अडकतात. आणखी एक गोष्ट आजच तपासा. इंटरप्टमधून काम सोपवणारं फंक्शन, रांग भरलेली असेल तर अपयश परत करतं. बऱ्याच ठिकाणी ही रिटर्न व्हॅल्यू कोणी बघतच नाही. मग इव्हेंट हरवतो आणि त्याची कुठे नोंदही राहत नाही.

आता टास्क किती हवेत ते. याचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: हँडलर मध्ये थांबतो की एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत पळतो. न थांबणारा हँडलर म्हणजे गणित करतो, पिन बदलतो, एखादी व्हॅल्यू लिहितो आणि संपतो. समजा असे पाच हँडलर एकाच प्रायॉरिटीचे आहेत आणि कोअर एकच आहे. पहिला सुरू झाला. वरच्या प्रायॉरिटीचं काम आलं तर तो बाजूला होईल आणि ते संपल्यावर पुन्हा चालेल. पण त्याच्याच प्रायॉरिटीच्या दुसऱ्याला, पहिला संपेपर्यंत तसंही थांबायचंच आहे. मग दुसऱ्याला वेगळा थ्रेड देऊन मिळालं काय? काहीच नाही, एक स्टॅक, म्हणजे टास्कसाठी राखलेली रॅम, मात्र वाया गेला. उलट फ्रीआरटॉसमध्ये टाइम स्लायसिंग चालू असेल तर सारख्या प्रायॉरिटीचे टास्क घड्याळाच्या प्रत्येक टिकला आलटून-पालटून चालतात, त्यामुळे जे आधी संपले असते तेही उशिरा संपतात. म्हणून न थांबणाऱ्या हँडलरांसाठी प्रायॉरिटीच्या प्रत्येक पातळीला एक कामकरी टास्क पुरतो. पातळ्या चार असतील तर टास्क चार, हँडलर चाळीस असले तरी.

थांबणाऱ्या हँडलरचं तसं नाही. तो ईईप्रॉमची, उत्तराची किंवा सेमाफोरची (दुसऱ्या टास्ककडून येणाऱ्या इशाऱ्याची) वाट बघत बसला की ज्या टास्कवर चालतोय त्यालाही घेऊन बसतो, आणि मागे रांगेत असलेले विनाकारण अडकतात. त्याला स्वतःचा टास्क द्यावाच लागतो. इथे एक बारकावा आहे. एसटीएमच्या लायब्ररीतलं साधं आयटूसी लेखनाचं फंक्शन खरं थांबत नाही, ते पोलिंग करत, म्हणजे काम झालं का असं सतत विचारत, प्रोसेसर फिरवत ठेवतं. म्हणजे त्याच्या खालच्या प्रायॉरिटीच्या कोणालाच वेळ मिळत नाही. असं काम अगदी तळाच्या पातळीवर, स्वतःच्या टास्कमध्येच ठेवा. पुढे वेळ मिळाला तर ते इंटरप्ट किंवा डीएमएच्या (प्रोसेसरऐवजी हार्डवेअर डेटा हलवतं त्या) पद्धतीवर न्या.

पुण्यात ऑटोमोटिव्हमध्ये काम करणाऱ्या मित्रांना ही विभागणी ओळखीची वाटेल. ओसेक या गाड्यांसाठीच्या ओएसच्या मानकात आणि त्यावर उभ्या असलेल्या ऑटोसारच्या ओएसमध्ये बेसिक टास्क आणि एक्स्टेंडेड टास्क असे दोन प्रकार आहेत. बेसिक टास्कला मध्ये इव्हेंटची वाट बघत बसण्याची परवानगीच नाही, एक्स्टेंडेडला आहे. अनेक जण तो नुसता कॉन्फिगरेशनचा रकाना समजून भरतात. पण बेसिक टास्क मध्ये थांबत नाहीत म्हणूनच त्यांना स्टॅक वाटून घेता येतो, आणि छोट्या ईसीयूमध्ये, म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरमध्ये, रॅम वाचते ती तिथे. तुमच्या बोर्डावर ऑटोसार नाही, पण विचार तोच लागू पडतो.

तुमच्या २२ इव्हेंटची यादी मी या नजरेने वाचली. मला थांबणारे दोनच दिसतात: ईईप्रॉम लेखन आणि मॉडबस मास्टर म्हणून ड्राइव्हला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणं. उरलेले २० न थांबणारे आहेत, किंवा थोड्या बदलाने तसे करता येतील. चार पातळ्या धरल्या तर चार कामकरी टास्क आणि दोन स्वतंत्र, म्हणजे सहा. प्रत्येकी १ केबी स्टॅक धरला तर ६ केबी. सीनियर म्हणतात तसं केलं तर २२ केबी, म्हणजे तुमच्या रॅमचा एक तृतीयांश. (फ्रीआरटॉसच्या मूळ पोर्टमध्ये स्टॅकचा आकडा बाइटमध्ये नसून वर्डमध्ये असतो. ३२ बिटच्या बोर्डावर १ केबी हवा असेल तर २५६ लिहायचं.) अर्थात सीनियरांचं म्हणणं चुकीचं नाही. वेगळे टास्क केले तर कट वेळेवर होईल, कारण ईईप्रॉमचं काम कटच्या वाटेतून दूर होईल. पण त्यासाठी दोनच हँडलर हलवायचे होते.

हा हिशेब कुठे बदलतो तेही सांगतो. कोअर दोन असतील तर सारख्या प्रायॉरिटीचे दोन हँडलर खरोखर एकाच वेळी चालू शकतात, तेव्हा पातळीमागे कोअरइतके कामकरी ठेवण्यात अर्थ आहे. हँडलर एकमेकांशी म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) वाटून घेत असतील तर खालच्या पातळीचा हँडलर वरच्याला किती वेळ अडवतो ते मोजावं लागतं. फ्रीआरटॉसच्या म्यूटेक्समध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्स आहे, म्हणजे कुलूप धरून बसलेल्याला वाट बघणाऱ्याची वरची प्रायॉरिटी तात्पुरती मिळते, पण बायनरी सेमाफोरमध्ये ती नाही. सामायिक डेटाच्या संरक्षणासाठी बायनरी सेमाफोर वापरला असेल तर बदला. आणि हँडलरमध्ये बाहेरून आणलेली लायब्ररी असेल तर ती आत कुठे थांबते का, हे सोर्स उघडून बघितल्याशिवाय तिला न थांबणारी म्हणू नका. प्रिंटएफ (मजकूर छापणारं फंक्शन) आणि मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) हे दोघे इथे नेहमी सापडतात.

जावाबद्दल. आरटीएसजे, म्हणजे रिअल-टाइम जावाचं स्पेसिफिकेशन, त्याची १.० आवृत्ती २००२ सालची. त्यात इव्हेंट आणि हँडलर या वेगळ्या वस्तू आहेत. एका इव्हेंटला अनेक हँडलर जोडता येतात आणि एक हँडलर अनेक इव्हेंटना. साधा हँडलर कुठल्याही ठरावीक थ्रेडला बांधलेला नसतो, व्हर्च्युअल मशीन त्याला वेळेला थ्रेड देतं. कल्पना चांगली आहे: प्रोग्रामरने प्रायॉरिटी आणि डेडलाइन सांगावी, थ्रेडचं ओझं व्हर्च्युअल मशीनने उचलावं. अडचण अशी की मशीनने किती थ्रेड ठेवावेत, थांबणाऱ्या हँडलरचं काय करावं, हे पहिल्या आवृत्तीने सांगितलंच नाही. एका कंपनीच्या व्हर्च्युअल मशीनवर वेळा बसवलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवर तसाच वागेल याची खात्री राहत नाही, आणि प्रोग्राममधून ते दिसतही नाही. हातात एकच पर्याय होता, बाउंड हँडलर, म्हणजे हँडलरला कायमचा स्वतःचा थ्रेड. एक तर सगळं मशीनवर सोपवा, नाही तर हँडलरमागे एक थ्रेड मोजा. मधला मार्ग, म्हणजे हे दहा हँडलर या दोन थ्रेडवर आणि ते तीन त्या एकावर, नंतरच्या २.० आवृत्तीत आला. तिथे रिलीज रनर नावाची सोय आहे, थ्रेडचा संच कसा असावा हे प्रोग्रामर स्वतः ठरवू शकतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: व्हर्च्युअल मशीनने बघावं ही पद्धत मला अपुरी वाटते. ज्याला आपला कोणता हँडलर थांबतो हे माहीत आहे, त्याच्या हातात हा निर्णय हवा, आणि ते व्हर्च्युअल मशीन लिहिणाऱ्याला माहीत असू शकत नाही.

एडा या प्रोग्रामिंग भाषेचा मार्ग याच्या उलट टोकाचा आहे. एडा २००५ मध्ये टायमिंग इव्हेंट आले. त्यांचा हँडलर प्रोटेक्टेड प्रोसिजर (प्रोटेक्टेड ऑब्जेक्ट, म्हणजे एका वेळी एकालाच बदलता येणारा सामायिक डेटा, त्याचं फंक्शन) असतो आणि तो थेट क्लॉकच्या इंटरप्टच्या पातळीवर चालतो, थ्रेडचा संबंधच नाही. त्यामुळे तो अगदी छोटा असावा लागतो, आणि मोठं काम असेल तर त्याने एखाद्या टास्कला जागं करायचं. रेव्हनस्कार प्रोफाइल (एडातल्या टास्कच्या सोयींचा मुद्दाम मर्यादित ठेवलेला संच) पाळलं तर प्रोटेक्टेड ऑब्जेक्टला एकच एंट्री (टास्कने वाट बघायची जागा) आणि त्या एंट्रीवर वाट बघणारा टास्क एकाच वेळी एकच. मग अधूनमधून येणाऱ्या प्रत्येक इव्हेंटला स्वतःचा टास्क, ही रचना आपोआप होते. स्टॅक जास्त लागतात, पण प्रत्येकाचा सर्वात वाईट प्रतिसादकाळ कागदावर काढता येतो. विमान आणि अवकाश क्षेत्रात त्यासाठी रॅम मोजायला लोक तयार असतात. तुमच्या मशीनला तेवढ्या काटेकोरपणाची गरज नाही.

आता ज्या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, तिकडे येतो: इव्हेंटबरोबर काय माहिती येते. तुमचा कटचा हँडलर सुरू झाल्यावर एन्कोडरचा काउंट वाचतो आणि त्यावरून कटची जागा काढतो, असं तुमच्या कोडमध्ये दिसतं. म्हणजे हँडलर जितका उशिरा सुरू होईल तितकी चूक थेट कटमध्ये उतरते. ही डेडलाइन पॅकिंग मशीनने घातलेली नाही, काउंट कुठे वाचला यामुळे तयार झाली आहे. खूण दिसली त्या क्षणीचा काउंट इंटरप्टमध्येच पकडा. टायमरच्या इनपुट कॅप्चरने (सिग्नल येताच हार्डवेअरच काउंट टिपून ठेवतं त्या सोयीने) पकडता आला तर आणखी उत्तम, मग इंटरप्टचा उशीरही मोजणीत येत नाही. तो काउंट इव्हेंटबरोबर रांगेत पाठवा. सेन्सर ते कटर हे अंतर समजा १०० मिलिमीटर आहे, तर फिल्मला तिथे पोहोचायला २०० मिलिसेकंद लागतात. कटची आज्ञा त्याच्या आत, ब्लेडला लागणारा वेळ वजा करून, टायमरमध्ये भरली की झालं. जिथे एक मिलिसेकंद जड जात होता, तिथे शंभरावर मिलिसेकंदांची सवड मिळते. आरटीएसजेच्या पहिल्या आवृत्तीत इव्हेंटबरोबर माहिती पाठवायची सोयच नव्हती, किती वेळा आला एवढंच हँडलरला कळायचं. २.० मध्ये ती सोय घातली. भाषा बनवणाऱ्यांना जे नंतर घालावं लागलं, ते तुम्ही तुमच्या रांगेच्या स्ट्रक्चरमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा.

तुम्ही विचाराल, एवढं केलं तर टास्क वेगळे करायची गरज उरते का? उरते. ईईप्रॉमने अडवलेली रांग भरली तर इव्हेंट हरवेलच, कितीही अचूक काउंट बरोबर असला तरी.

आणि शेवटचा निर्णय, गर्दीचा. १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना संगणकाने १२०२ आणि १२०१ हे अलार्म दिले. रडारच्या जोडणीतून नको असलेले पल्स येत होते, ते मोजण्यात प्रोसेसरचा वेळ जात होता, सुरू झालेली कामं वेळेत संपेनात आणि नव्या कामांसाठी राखलेल्या मेमरीच्या जागा भरून गेल्या. पण अशा वेळी काय करायचं हे आधीच ठरवलेलं होतं: रीस्टार्ट, महत्त्वाची कामं पुन्हा सुरू, बाकीची सोडून द्यायची. उतरणं पार पडलं. गर्दी कधीतरी होणारच, तेव्हा काय सोडायचं हे तुम्ही आधी ठरवा.

आरटीएसजेमध्ये याची चांगली रचना आहे. अधूनमधून येणाऱ्या इव्हेंटला दोन आगमनांमधलं किमान अंतर द्यायचं, आणि ते अंतर मोडलं तर चारपैकी काय करायचं ते सांगायचं: इव्हेंट देणाऱ्याला एक्सेप्शन, नवा इव्हेंट दुर्लक्षित, जुन्याच्या जागी नवा, किंवा नवा जपून ठेवून अंतर पाळून नंतर चालवायचा. ऑटोसार ओएसमध्येही टायमिंग प्रोटेक्शन चालू केलं की दोन सुरुवातींमधल्या किमान अंतराची राखण करता येते. फ्रीआरटॉसमध्ये अंतर तुम्हालाच मोजावं लागेल, पण बाकीचं साहित्य आहे. टास्क नोटिफिकेशनमध्ये (टास्कला थेट दिलेल्या इशाऱ्याबरोबरच्या आकड्यात) व्हॅल्यू वाढवणं, बिट लावणं, जुनी पुसून नवी लिहिणं, आणि जुनी वाचली गेली नसेल तर नवी नाकारणं, हे सगळे पर्याय आहेत.

तुमच्या इव्हेंटना मी हे असं लावेन. पाकीट १२० मिलिमीटरचं असेल तर खूण २४० मिलिसेकंदांनी येते. किमान अंतर २०० धरा. त्याआधी आलेली सेन्सरच्या सिग्नलची कड म्हणजे फिल्मवरची घडी किंवा सेन्सरचा गोंधळ, तिच्याकडे दुर्लक्ष करा, पण काउंटर वाढवा, कारण तो आकडा वाढू लागला की सेन्सर पुसायची वेळ झालेली असते. वेग बदलतो तेव्हा हे अंतर मिलिसेकंदांत ठेवून चालणार नाही, एन्कोडर काउंटमध्ये ठेवा. तापमानाला नेहमी ताजी व्हॅल्यू हवी, तिथे जुन्यावर नवी लिहायची. पाकिटांची मोजणी हरवून चालत नाही, तिथे काउंट वाढवायचा. इथे इव्हेंट ग्रुपचे बिट वापरू नका, कारण दोनदा लावलेला बिट एकदाच दिसतो. मॉडबसचे संदेश छोट्या रांगेत, आणि रांग भरली तर समोरच्याला बिझीचं उत्तर. इमर्जन्सी स्टॉपला यातलं काहीच लावू नका. त्याने सेफ्टी रिलेतून वीज तोडली पाहिजे, सॉफ्टवेअरला फक्त कळलं पाहिजे की ते झालंय.

हे सगळं २२ हँडलरांमध्ये विखरून लिहू नका. एकच स्थिर तक्ता करा. ओळीमागे एक इव्हेंट, आणि रकाने: हँडलर, पातळी, स्वतंत्र टास्क की कामकरी, किमान अंतर, गर्दीचा नियम, बरोबरच्या माहितीचा आकार. इंटरप्टने फक्त इव्हेंटचा नंबर आणि पकडलेली व्हॅल्यू द्यायची, बाकी वाटपाचं एक छोटं फंक्शन तक्त्यात बघून करेल. उद्या दुसऱ्या मॉडेलच्या मशीनला वेगळा कटर आला तर बदल तक्त्यात होईल, हँडलरला हात लागणार नाही. कोड रिव्ह्यूमध्येही एका पानावर सगळे निर्णय दिसतात, आणि हा रकाना असा का भरला, असं कोणीही विचारू शकतं.

काम या क्रमाने करा. आधी काउंट इंटरप्टमध्ये पकडा, तो बदल छोटा आहे आणि बहुतेक सरकलेले कट त्यानेच थांबतील. मग ईईप्रॉम आणि मॉडबस स्वतःच्या टास्कमध्ये हलवा. तक्ता आणि कामकरी टास्क त्यानंतर. प्रत्येक टप्प्यावर मोजा: खूण दिसली की इंटरप्टमध्ये एक पिन वर करा, हँडलर सुरू झाला की खाली, आणि लॉजिक अ‍ॅनालायझर (पिन किती वेळ वर होती ते दाखवणारं उपकरण) लावून मशीन पूर्ण वेगात चालू असताना कोणाला तरी कीपॅडवर सेटिंग बदलत राहायला सांगा. सरासरी बघू नका, सर्वात रुंद पल्स बघा. तो आकडा बदलाच्या आधीचा आणि नंतरचा, शिवाय प्रत्येक टास्कचा स्टॅक किती शिल्लक राहिला ते, इथे टाका. पातळ्या चार ठेवायच्या की तीनवर भागेल, ते त्यावरून सांगता येईल.